काचपट्टीवरची पहिली फिल्म आणि तिचा एक्सआरडी: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, आपल्याकडच्या बऱ्याच भौतिकशास्त्र विभागांत सुरुवात एकाच वाक्याने होते: "आधी झिंक ऑक्साइडची फिल्म करून दाखव." कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने पातळ फिल्म बनवण्याचं काम कैक वर्षं चालू आहे. तिथून बाहेर पडलेली माणसं जिथे जिथे शिकवायला गेली, तिथे हॉटप्लेट आणि स्प्रे नोझलही पोचले. त्यामुळे यंत्र मिळेल. सांगणारा सीनिअर मात्र नेमका थिसिस लिहीत असतो.

फिल्म जमायला फार दिवस लागत नाहीत. गोची होते ती नंतर. एक्सआरडीचा (क्षकिरण टाकून स्फटिकरचना तपासणाऱ्या मोजणीचा) आलेख हातात येतो, सूत्रात आकडे टाकून स्फटिकाचा आकार '२३.७६ नॅनोमीटर' लिहिला जातो, आणि प्रेझेंटेशनमध्ये कुणीतरी विचारतं, "यंत्राची रुंदी वजा केली का? कोऱ्या काचेचा आलेख कुठंय?" हे सगळं मागून गोळा करता येत नाही. म्हणून खाली फिल्म बनवण्याइतकीच जागा तिच्यासोबत काय काय जपून ठेवायचं याला दिली आहे.

लागणारं सामान

- सूक्ष्मदर्शकाच्या साध्या काचपट्ट्या (७५ × २५ मिलिमीटर), एकाच खोक्यातल्या
- झिंक ॲसिटेट डायहायड्रेट, ॲसिटिक ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- टेंपरेचर कंट्रोलर असलेली हॉटप्लेट, काचेचं स्प्रे नोझल, कंप्रेसर आणि त्याला वॉटर ट्रॅप
- ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू
- डायमंड पेन्सिल, चिमटा, ग्लोव्ह्ज, डेसिकेटर
- पानांना नंबर घातलेली जाड वही. सुटे कागद नकोत.

१. काच धुणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि फिल्म सुटून येण्याचं पहिलं कारणही हेच. साबणाच्या पाण्याने चोळा, डिस्टिल्ड वॉटरने खळखळून घ्या, मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये आधी ॲसिटोन, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. ॲसिटोन काचेवर वाळू देऊ नका, त्याचा डाग राहतो; त्यातून काढली की लगेच अल्कोहोलमध्ये टाका.

स्वच्छ झाली का हे कसं ओळखायचं? पट्टी पाण्यातून उभी बाहेर काढा. पाण्याचा पातळ पडदा अखंड खाली सरकला तर ठीक. मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा.

जुन्या पद्धतीत काच क्रोमिक ॲसिडमध्ये उकळायचे. काच झकास निघते, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते पाणी शेवटी बेसिनमध्येच ओतलं जातं. लॅबमध्ये अजून ती बाटली असली तरी तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका.

धुतल्यावर पट्टीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, डायमंड पेन्सिलने नंबर कोरा. मार्कर पेनची शाई ४०० अंशांना जळून जाते. झिंक ऑक्साइडची चांगली फिल्म इतकी पारदर्शक असते की दोन दिवसांनी ती कुठल्या बाजूला आहे हे सांगता येत नाही. मागचा कोरलेला नंबर तेवढ्यासाठीही हवा. आता पट्टीचं वजन करून वहीत लिहा. त्याच खोक्यातल्या दोन पट्ट्या धुऊन, नंबर घालून, कोऱ्याच बाजूला ठेवा. त्यांचं काम पायरी ५ मध्ये आहे.

२. द्रावण

०.१ मोलरचं १०० मिलिलिटर द्रावण करायचं तर झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.१९५ ग्रॅम लागतं (रेणुभार २१९.५). बाटलीवर 'डायहायड्रेट' लिहिलंय का ते नीट वाचा. निर्जल पावडर असेल तर हिशोब बदलतो. द्रावण जरासं गढूळ वाटलं तर ॲसिटिक ॲसिडचे दोनचार थेंब टाका. आरपार स्वच्छ दिसेपर्यंत फवारू नका.

काही जण पाण्यात मिथेनॉल मिसळतात. चालतं, पण तापलेल्या हॉटप्लेटवर मिथेनॉलचा फवारा उडवताय हे विसरू नका. एक्झॉस्ट चालू हवा आणि लॅबमध्ये तुम्ही एकटे नसावं.

३. फवारणी

सुरुवातीचे आकडे: हॉटप्लेट ४०० ते ४५० अंश सेल्सिअस, नोझल आणि काच यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर, मिनिटाला ३ ते ५ मिलिलिटर द्रावण. प्रत्येक सेट-अप वेगळा, त्यामुळे हे आकडे पायाभूत धरा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ५०० अंशांच्या वर जाऊ नका. साधी काच वाकायला लागते आणि तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये शिरतं.

कंट्रोलरवर दिसणारं तापमान हॉटप्लेटच्या आतल्या थर्मोकपलचं असतं. काचेचा वरचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो, आणि फवारा पडला की आणखी थंड होतो. म्हणून सलग फवारू नका. काही सेकंद फवारा, थांबा, तापमान परत चढू द्या, मग पुढचा फवारा. प्लेट फार तापलेली असेल तर थेंब तापलेल्या तव्यावरच्या पाण्यासारखे नाचतात, किंवा काचेपर्यंत पोचण्याआधीच सुकून पावडर होतात. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते ती हीच. तापमान कमी पडलं तर फिल्म दुधाळ दिसते. गोल पांढरे डाग पडले तर नोझलच्या टोकाशी जमलेला मोठा थेंब खाली पडलाय; प्रत्येक फवाऱ्याआधी नोझल बाजूला धरून एकदा मोकळं उडवून घ्या.

पावसाळ्यात हमखास होणारी एक गोष्ट: मे महिन्यात जमलेली रेसिपी जुलैत बिघडते आणि सगळे रसायनाच्या बाटलीवर संशय घेतात. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढलंय का, वॉटर ट्रॅप भरलाय का, हे आधी पाहा.

फवारणी संपली की हॉटप्लेट बंद करून काच तिच्यावरच थंड होऊ द्या. थंड चिमट्याने गरम काच उचलली की टक्कन तडकते.

४. फिल्म हातात आल्यावर

लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली पट्टी तिरपी धरा. निळसर, जांभळट, हिरवट अशा छटा दिसतील. त्या फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे येतात, म्हणजे रंग जाडी सांगतो. पूर्ण पट्टीवर एकच छटा असेल तर फिल्म एकसारखी आहे. मध्यभागापासून रंगांची कडी निघाली असतील तर फवारा मध्ये जास्त पडलाय. अशा पट्टीचा मधला तुकडा एक्सआरडीला आणि कडेचा तुकडा जाडी मोजायला पाठवलात तर दोन वेगळ्या फिल्म मोजल्यासारखं होईल.

मग टेपची चाचणी. चिकटपट्टी एका कोपऱ्यावर दाबून झटक्यात ओढा. फिल्म सोबत आली तर पायरी १ वर परत.

जाडीचा पहिला अंदाज वजनावरून निघतो: वाढलेलं वजन ÷ (घनता × क्षेत्रफळ). पूर्ण पट्टीचं क्षेत्रफळ १८.७५ चौरस सेंटिमीटर, झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. वजन २.५ मिलिग्रॅमने वाढलं तर जाडी सुमारे २३८ नॅनोमीटर. तराजूच्या शेवटच्या अंकाचा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमचा, फरक जवळजवळ १० नॅनोमीटर होतो. ग्लोव्ह्ज न घालता पट्टी उचलली की बोटाचा ठसाही या हिशोबात येतो. शिवाय फवारलेल्या फिल्ममध्ये पोकळ्या असतात, म्हणून खरी जाडी या आकड्याहून थोडी जास्तच निघते. प्रोफाइलोमीटरवर (फिल्मच्या कडेची पायरी मोजून जाडी सांगणाऱ्या यंत्रावर) मोजायचं ठरलेलं असेल तर फवारतानाच पट्टीची एक कडा दुसऱ्या काचेच्या तुकड्याने झाका. नंतर फिल्म खरवडून केलेली पायरी कधीच स्वच्छ येत नाही.

५. सॅम्पल एक्सआरडीला पाठवणं

विभागात यंत्र नसेल तर आयआयटी मुंबईसह देशातल्या अनेक ठिकाणच्या 'सैफ' (अद्ययावत विश्लेषण उपकरणांच्या) केंद्रांत पैसे भरून मोजणी करून मिळते. कुठे काय आहे ते आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता येतं. यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग-अणुऊर्जा विभाग) कन्सोर्टियम विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. मुख्यालय इंदूरला, आणि मुंबई, कोलकाता, कल्पाक्कम इथेही काम चालतं. तिथे प्रस्ताव लिहून वेळ मागावी लागते.

सहसा लागणारी कागदपत्रं:

- गाइडची आणि विभागप्रमुखांची सही असलेला रिक्विझिशन फॉर्म
- ओळखपत्राची प्रत
- सॅम्पलची यादी: तुमचा कोड, पदार्थ, सबस्ट्रेट (फिल्म ज्यावर बसवली ते, इथे काच), अंदाजे जाडी
- विषारी किंवा ज्वालाग्राही आहे का, याची माहिती. कॅडमियम सल्फाइडसारखा पदार्थ असेल तर हे लपवू नका.
- पैसे भरल्याची पावती

फॉर्ममध्ये फक्त 'एक्सआरडी' लिहून सोडलंत तर ऑपरेटर त्याच्या नेहमीच्या सेटिंगवर दोन मिनिटांत स्कॅन उरकेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तुम्हीच लिहा: २० ते ८० अंश, ०.०२ अंशाची पायरी, सावकाश स्कॅन. आणि या चार गोष्टी मागून घ्या:

पहिली, आकड्यांची मूळ फाइल. आलेखाचं नुसतं चित्र काही कामाचं नाही. दुसरी, तुमच्या कोऱ्या काचेचा स्कॅन, त्याच सेटिंगवर. काचेचा २० ते ३० अंशांच्या आसपास येणारा रुंद उंचवटा फिल्मचा म्हणून छापला गेलेला पाहिलाय. तिसरी, त्याच यंत्रावर घेतलेला सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्साबोराइडच्या प्रमाणित पावडरीचा स्कॅन. यंत्राची स्वतःची रुंदी (यंत्रामुळेच आलेखातल्या सुळक्यांना येणारी रुंदी) कळायला दुसरा सोपा मार्ग नाही, आणि बहुतेक लॅबमध्ये तो आधीच काढून ठेवलेला असतो. चौथी, मोजणी नेहमीच्या भूमितीत झाली की ग्रेझिंग इन्सिडन्सने, हे.

या चौथ्या गोष्टीवर थोडं थांबू. नेहमीच्या भूमितीत फक्त काचेला समांतर असलेली अणूंची प्रतलं पीक (आलेखातला सुळका) देतात. फवारलेलं झिंक ऑक्साइड बऱ्याचदा सी-अक्ष (स्फटिकाच्या उंचीचा अक्ष) उभा ठेवून वाढतं, त्यामुळे त्या अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलांचा, म्हणजे (००२) चा, पीक उंच येतो. तेच सॅम्पल ग्रेझिंग इन्सिडन्सने, म्हणजे किरण अर्ध्या-एक अंशाने तिरपा टाकून मोजलं तर काचेचा उंचवटा कमी होतो, पण (००२) ही बसतो, कारण आता तिरपी प्रतलं मोजली जाताहेत. फिल्म तीच, आलेख दोन. एका सॅम्पलला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी वापरून 'तापमानामुळे ओरिएंटेशन बदललं' असं लिहू नका.

६. आलेख वाचणं

झिंक ऑक्साइडच्या पीकच्या प्रमाणित जागा देणारं जेसीपीडीएस कार्ड, क्रमांक ३६-१४५१, उघडा. तांब्याच्या नळीच्या किरणांना (तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम) झिंक ऑक्साइडचे पहिले तीन पीक ३१.७७, ३४.४२ आणि ३६.२५ अंशांवर येतात: (१००), (००२), (१०१). (००२) एकटाच दिसला तरी घाबरायचं कारण नाही, वर सांगितलंय का ते. पण एकाच पीकवरून 'शुद्ध वुर्टझाइट' (झिंक ऑक्साइडची नेहमीची षट्कोनी रचना) म्हणताना जरा जपून.

आता सगळ्यात लोकप्रिय सापळा. डोपिंग केलं (मुद्दाम दुसरं मूलद्रव्य थोडंसं मिसळलं), पीक ०.०५ अंशाने सरकला, म्हणून डोपंट जाळीत शिरला. थांबा. सॅम्पल होल्डरमध्ये ०.१ मिलिमीटर वर-खाली बसलं तर, गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या फिरत्या भागाची) त्रिज्या २०० मिलिमीटर धरून, (००२) चा पीक तेवढ्यानेच सुमारे ०.०५५ अंश सरकतो. जाळीच्या अंतरात तो ०.१५ टक्के बदल म्हणून दिसतो. काचपट्टी क्लेवर दाबून बसवली असेल तर ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे काहीच नाही. उपाय साधा आहे: फिल्मवर सिलिकॉनची चिमूटभर पावडर भुरभुरा. तिचा (१११) चा पीक २८.४४ अंशांवर यायला हवा. तो जिथे येईल त्यावरून तुमची पट्टी किती वर-खाली आहे ते कळेल, आणि मग उरलेलं सरकणं तुमचं.

७. शेररचं सूत्र

पॉल शेररने १९१८ साली दिलेलं हे सूत्र: स्फटिकाचा आकार = ०.९ × तरंगलांबी ÷ (बीटा × कॉस थीटा). बीटा म्हणजे पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी. स्फटिक जितका लहान तितका पीक रुंद.

(००२) ची रुंदी ०.३५ अंश आली असं धरू. बीटा रेडियनमध्ये ०.००६१०९, थीटा म्हणजे ३४.४२ चा निम्मा, १७.२१ अंश. उत्तर २३.८ नॅनोमीटर. रेडियन करायला विसरलात तर ०.४१ नॅनोमीटर येईल. झिंक ऑक्साइडच्या एकक पेशीची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. थीटाऐवजी टू-थीटा, म्हणजे निम्मा न केलेला ३४.४२, घातलात तर २७.५ येईल, आणि हा आकडा इतका सोज्वळ दिसतो की कुणालाच शंका येत नाही. एक्सेलचा कॉस फंक्शन रेडियन मागतो, हेही लक्षात ठेवा.

आता यंत्राची रुंदी. प्रमाणित पावडरीचा पीक याच भागात ०.१० अंश रुंद आला असेल, तर वजा कशी करायची? वर्ग करून वजा केली तर २४.८ नॅनोमीटर. सरळ वजा केली तर ३३.३. पहिली रीत पीकचा आकार गाउशियन (घंटेसारखा) असेल तर बरोबर, दुसरी लॉरेंट्झियन (पायथ्याशी लांब पसरलेला) असेल तर. खरा पीक या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणजे एकाच मोजणीतून २५ ते ३३ पर्यंत काहीही निघू शकतं. दशांशाच्या पुढचे दोन अंक लिहिण्यात काही अर्थ नाही. 'सुमारे ३० नॅनोमीटर' लिहा आणि रुंदी कशी वजा केली ते एका ओळीत सांगा. तुमच्या सगळ्या सॅम्पलना एकच रीत वापरलीत तर त्यांची आपसातली तुलना तरी टिकते.

मोठ्या स्फटिकांना हे सूत्र लावू नका. १०० नॅनोमीटरच्या स्फटिकामुळे येणारी रुंदी याच पीकसाठी फक्त ०.०८३ अंश असते, आणि यंत्राची स्वतःचीच ०.१०.

एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दाणे १५० नॅनोमीटरचे दिसतात आणि शेरर ३० म्हणतो, मग कोण खोटं? दोघंही खरे. एसईएमला दिसणारा दाणा अनेक स्फटिकांचा मिळून बनलेला असू शकतो. शिवाय नेहमीच्या भूमितीत (००२) वरून निघालेला आकार फिल्मच्या जाडीच्या दिशेचा असतो, तर एसईएम वरून पाहतो. (००२) वरून निघालेला आकार फिल्मच्या जाडीहून जास्त आला तर मात्र कुठेतरी नक्की चुकलंय.

८. इथून अणुभट्टीच्या स्टीलकडे वळणार असाल तर

फिल्मवर हात बसलेले काही जण पुढे कल्पाक्कम, मुंबई किंवा दिल्लीला अणुभट्टीच्या स्टीलवर काम करायला जातात. यंत्र तेच, सवयी मात्र बदलाव्या लागतात.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा खाऊन स्टील आतून पोकळ्यांनी फुगतं, हे स्कॉटलंडमधल्या डाउनरेच्या जलद अणुभट्टीतल्या नमुन्यांवरून १९६७ मध्ये पुढे आलं. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिॲक्टरसाठी इंधनाच्या नळ्यांना निवडलेलं डी-९ स्टील (सुमारे १५ टक्के क्रोमियम, १५ टक्के निकेल आणि थोडं टायटॅनियम) हे फुगणं लांबवण्यासाठीच तसं घडवलंय. पण न्यूट्रॉन खाल्लेलं स्टील किरणोत्सारी असतं, हॉट सेलशिवाय (किरणोत्सारापासून जाड भिंतींनी संरक्षण देणाऱ्या खोलीशिवाय) त्याला हात लावता येत नाही. म्हणून नवशिक्याच्या वाट्याला बहुधा आयन मारलेलं (न्यूट्रॉनऐवजी प्रवेगकातून वेगवान आयनांचा मारा केलेलं) स्टील येतं. आयन फार तर काही मायक्रॉन आत जातात, म्हणजे ठोकळ्याच्या अंगावर बसलेली एक पातळ फिल्मच. इथे ग्रेझिंग इन्सिडन्सची ओळख कामाला येते.

तीन गोष्टी नक्की अडवतात.

तांब्याची नळी. तिच्या क्षकिरणांची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, लोखंडाची के-कडा (जिच्या वर लोखंड क्षकिरण जोरात शोषून स्वतःचे क्षकिरण सोडतं ती ऊर्जा) ७.११ वर. त्यामुळे लोखंड स्वतःच चमकायला लागतं आणि आलेखाचा तळ इतका वर उचलला जातो की बारीक पीक बुडून जातात. कोबाल्टची नळी मागा, नाहीतर डिटेक्टरच्या बाजूला मोनोक्रोमेटर आहे का विचारा. कोबाल्ट वापरलं की सगळे पीक जागा बदलतात: फेरिटचा (लोखंडाच्या साध्या रूपाचा) (११०) तांब्याला ४४.७ अंशांवर, कोबाल्टला ५२.४ वर. शेररच्या सूत्रातली तरंगलांबीही बदला, १.७८९० अँगस्ट्रॉम.

पॉलिश. एमरी पेपरवर घासताना स्टीलचा वरचा थर दाबला जातो, आणि ३०४ सारख्या ऑस्टेनिटिक स्टीलमध्ये तिथे मार्टेन्साइट (वेगळ्या स्फटिकरचनेचं कठीण रूप) तयार होऊ शकतं. आयन मारण्याआधीच पीक रुंद आणि एक जास्तीचा पीक! तो थर इलेक्ट्रोपॉलिशने काढावा लागतो. त्यासाठी वापरतात ते परक्लोरिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण गरम झालं तर स्फोट होतो; ज्याने ते आधी केलंय अशी व्यक्ती शेजारी उभी असल्याशिवाय बाटली उघडू नका.

आणि शेरर. डी-९ नळ्या २० टक्के कोल्ड वर्क करूनच (न तापवता ओढून) वापरायच्या असतात, त्यात डिसलोकेशन्स (स्फटिकाच्या रांगांमधले दोष) खच्चून भरलेली. पीक रुंद होतो तो मुख्यतः त्या ताणामुळे. सरळ शेरर लावलात तर धडधाकट स्टील नॅनोक्रिस्टलाइन ठरेल. किमान विल्यमसन-हॉलचा आलेख (१९५३) काढा: बीटा कॉस थीटा उभ्या अक्षावर, ४ साइन थीटा आडव्यावर, चढ ताण सांगतो, छेद आकार. त्यासाठी चार-पाच पीक लागतात, म्हणून स्कॅन ८० अंशांवर न थांबवता पुढपर्यंत घ्या. आयन न मारलेला, त्याच पट्टीतून कापलेला तुकडा त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर मोजून घ्या.

दिल्लीच्या आययूएसीसारख्या (आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रासारख्या) ठिकाणी आयनांचा बीमटाइम (मारा करायची ठरलेली वेळ) मागताना प्रस्तावात हेच सगळं विचारलं जातं: कोणता आयन, किती ऊर्जा, किती मात्रा, आणि मोजणी कशाने करणार. मारा न केलेल्या तुकड्याचा नीट काढलेला एक्सआरडी सोबत जोडा. सॅम्पलची लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये लिहा आणि होल्डरचं माप आधी फोनवर विचारून घ्या. रात्री दोनला बीम मिळाल्यावर स्टील कापायला तिथे कुणी जागं नसतं.